झाडीची लाख आणि तबकडीवरचे नाटक

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज नेमका कसा होता, हे आज कोणीच सांगू शकत नाही. किर्लोस्कर मंडळीची शकुंतला आणि सुभद्रा म्हणून ज्यांनी मराठी मुलूख वेडा केला, ते भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग आपले ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन कलकत्त्यात उतरला तो १९०२च्या ऑक्टोबरअखेर. मधे गेले वीसएक महिने. तेवढ्या अंतरामुळे संगीत नाटकाचा पहिला मोठा गळा ऐकीव आख्यायिकेत राहिला आणि पुढचे बहुतेक गळे तबकडीवर आले.

गाइसबर्गने हिंदुस्थानात सर्वांत आधी मुद्रित केले ते नाटकातल्या मुलींना. कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमधल्या शोशीमुखी आणि फणीबाला या दोघींनी नोव्हेंबर १९०२मध्ये त्याच्या कर्ण्यासमोर गायले. प्रसिद्ध गायिका गौहरजान त्यांच्यानंतर आली. मोठे उस्ताद बिचकत होते. यंत्रात आवाज ओतला की गळा बसतो असा एक समज होता. त्याहून खरी भीती निराळी होती. जी चीज शिष्याने वर्षानुवर्षे पाणी भरून मिळवायची, ती बाजारात कोणीही विकत घेऊन घरी घासेल. नाटकवाल्यांना मात्र ही अडचण नव्हती, कारण रोज रात्री हजार माणसांसमोर गाणे हाच त्यांचा धंदा होता. म्हणूनच मराठी तबकडीच्या पहिल्या पर्वात नाट्यपदांचा भरणा दिसतो.

पण ही तबकडी कशाची होती, ते आधी पाहू, कारण तिथेच चांदा-गडचिरोलीच्या रानाचा संबंध येतो.

पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात. पळस-बोरीवरच्या पिकाला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्याला कुसुमी. किडे असलेल्या बीज-लाखेच्या काड्या नव्या फांद्यांना बांधायच्या, पीक तयार झाले की फांद्या तोडून लाख खरवडायची, धुवायची, कापडी पिशवीत घालून तापवायची आणि पिळून तिचे पातळ पापुद्रे करायचे. या शुद्ध लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून गरम साच्यात दाबली की मिनिटाला ७८ फेरे घेणारी काळी रेकॉर्ड होई. जगातल्या लाखेचे मोठे आगर म्हणजे छोटा नागपूर आणि मध्य प्रांत. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या जंगलांतूनही मोहफूल, तेंदूपान, डिंक यांच्याबरोबर लाख बाजारात येत असे. पूर्व विदर्भातल्या या भागाला लोक 'झाडी' म्हणतात. कोणत्या पळसाची लाख कोणाच्या गाण्यात गेली, याचा हिशेब कोण ठेवणार? तरी एवढे खरे, की लंडन असो की न्यूयॉर्क, त्या काळातली जवळजवळ प्रत्येक तबकडी हिंदुस्थानी लाखेवर उभी होती. या मालाचे महत्त्व एवढे वाढले, की १९२४मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली.

सुरुवातीला इथे मुद्रित झालेले गाणे जर्मनीत हानोव्हरला जाई आणि तिथून छापून परत येई. लेबल लावणाऱ्या कामगारांना गायकाचे नाव कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने सांगायची रीत पडली. जुन्या रेकॉर्डच्या शेवटी ऐकू येणारा तो ठसका त्यातला. १९०८मध्ये कलकत्त्याला सियालदाजवळ कारखाना निघाला आणि १९२८मध्ये तो डमडमला गेला. मग तबकड्या स्वस्त झाल्या आणि गावोगावच्या दुकानांत पोचू लागल्या.

आता नाटकाकडे वळू. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले तेव्हा पदे कथानकाचे कामच करीत. पात्राला जे बोलायचे ते गाऊन सांगे. त्यांच्याच 'सौभद्र'मध्ये शंभराहून अधिक पदे आहेत, ती बहुतेक लहान, साकी-दिंडीच्या चालींची. पुढच्या पिढीत पदे कमी झाली आणि लांबली. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी, १९१६च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि रागदारी नाटकात घुसली. बालगंधर्व रुक्मिणी म्हणून उभे राहिले, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असले, की एकेक पद 'वन्समोअर' घेत घेत कितीही चाले. नाटक पहाटेपर्यंत लांबे. तक्रार कोणाची नसे.

अशा पदाला तबकडीच्या एका बाजूवर जागा मिळे साधारण तीन ते साडेतीन मिनिटे.

ही काटछाट मराठी संगीताच्या इतिहासातली मोठी घटना आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. विजेचा मायक्रोफोन १९२५च्या सुमारास आला; त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोरात गावे लागे. आलापीला जागा नाही, प्रसंगाला नाही, समोरच्या नटाला तर नाहीच. पदाचा मुखडा, अंतरा, दोन-चार मोजक्या ताना आणि संपले. बालगंधर्वांनी ही मर्यादा अशी काही पचवली, की त्यांची तबकडी म्हणजे आटवून घट्ट केलेले पद झाले. पण नाटक मात्र तिच्यातून गळून पडले. रुक्मिणी कोणाला उद्देशून गाते, का गाते, आधी काय घडले, हे काहीच काळ्या चकतीवर नाही. पुढच्या पिढ्यांनी ही पदे मैफलीची चीज म्हणून ऐकली आणि तशीच गायली.

'एकच प्याला'चे उदाहरण घ्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला वारले, आणि महिन्याभरातच बडोद्याला बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीने त्यांचे हे नाटक रंगभूमीवर आणले. पदे गडकऱ्यांची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. चालींत गायिका सुंदराबाईंचा हात होता. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची ही गोष्ट. फाटके लुगडे नेसलेली नायिका सिंधू प्रेक्षकांना रडवीत असे. तबकडीवर तिची पदे ऐकताना मात्र रडू येत नाही, दाद द्यावीशी वाटते.

काही गोष्टी तर तबकडीला गाठताच आल्या नाहीत. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले. भामिनी आणि धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक एका रंगमंचावर, अशी ती 'संयुक्त मानापमान'ची रात्र. तिचा एक सूरही मुद्रित नाही. तीन महिन्यांत केशवराव गेले. पुढच्या वर्षी भास्करबुवा बखले गेले, आणि ज्यांनी 'स्वयंवर' घडवले त्यांच्या स्वतःच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही.

१९३२मध्ये 'अयोध्येचा राजा' पडद्यावर बोलू-गाऊ लागला आणि मंडळ्यांचे दिवस फिरले. मोठमोठ्या मंडळ्या कर्जात बुडाल्या. बालगंधर्व स्वतः प्रभातच्या 'धर्मात्मा'त उभे राहिले, पण पुरुषवेषातले बालगंधर्व पाहायला लोक येईनात. नाटक थंडावले तरी नाट्यपदाची तबकडी खपत राहिली. या काळात ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीच्या, मुंबई कचेरीत १९३८पासून ध्वनिमुद्रणाचे काम पाहणारे ग. ना. जोशी हे मूळचे नागपूरकडचे वकील आणि भावगीताचे आरंभीचे गायक. पुढची तीनएक दशके मराठी-हिंदुस्थानी संगीतातले किती गळे त्यांच्या हाताखालून गेले, हे त्यांच्या 'स्वरगंगेच्या तीरी' या आठवणींत वाचायला मिळते.

मग महायुद्ध आले आणि लाखेचा प्रश्न उभा राहिला. हिंदुस्थानातून जाणारी जहाजे अडचणीत आली. युद्धसामग्रीलाही लाख हवी होती. अमेरिकी सरकारने १९४२च्या एप्रिलमध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखवापरावर कडक निर्बंध घातले. जुन्या रेकॉर्डी गोळा करून, भरडून नव्या काढायची वेळ आली. १९४३ पासून सैनिकांसाठी ज्या तबकड्या निघाल्या त्यांत कृत्रिम राळ, म्हणजे व्हिनाइल, वापरले गेले. ते तुटत नव्हते, त्याची खरखर कमी होती, आणि त्यावर रेघा बारीक ओढता येत होत्या. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची 'लाँग प्ले' तबकडी बाजारात आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे! न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकवाल्यांनी ही संधी ताबडतोब पकडली. 'ओक्लाहोमा!'ची पदे मूळ नटसंचाकडून १९४३मध्ये मुद्रित झाली होती, पण ती लाखेच्या तबकड्यांच्या गठ्ठ्यात; दर तीन-चार मिनिटांनी उठून बाजू बदला. १९५६चे 'माय फेअर लेडी' एका एलपीवर मावले. नाटकाला पैसाही रेकॉर्ड कंपनीकडूनच आला होता. मूळ संच, मूळ वाद्यवृंद, पदांचा क्रम नाटकातलाच. ज्याने नाटक पाहिले नाही त्यालाही कथा कळावी अशी ती तबकडी. ती वर्षानुवर्षे विकली गेली. आजही जगातल्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानांत ती हमखास हाताला लागते.

लाखेला उतरती कळा लागली ती इथून. रेकॉर्ड, व्हार्निश, विजेची उपकरणे, सगळीकडे कृत्रिम राळा आल्या. भाव पडला की रानात फांद्यांना बीज बांधणाऱ्याचे हात आपोआप दुसरीकडे वळतात. झाडीतल्या माणसाला ते का घडले हे कोणी येऊन सांगितले नसणार. नाटकाच्या गाण्याला लांबी मिळाली आणि लाखेचे गिऱ्हाईक गेले, या दोन्ही गोष्टी एकाच शोधाच्या पोटातून आल्या. आपल्या संगीताच्या इतिहासांत पहिली येते, दुसरी येत नाही.

भारतात बदल सावकाश झाला. डमडमच्या कारखान्यातून एलपी निघू लागल्या तरी साठच्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघतच होत्या. चावीचा फोनो असलेली घरे पुष्कळ होती. नेमक्या याच दशकात संगीत नाटक पुन्हा उभे राहिले. विद्याधर गोखल्यांची 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'मंदारमाला', गोवा हिंदू असोसिएशनचे १९६४चे 'मत्स्यगंधा'. 'मत्स्यगंधा'चे संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. त्यांनी पद आटोपशीर केले, भावाला धरून बांधले, पण रागाचे अंग सोडले नाही. तबकडीच्या युगात वाढलेल्या कानाला हे पद जवळचे वाटले.

त्याच अभिषेकींचे १९६७चे 'कट्यार काळजात घुसली' म्हणजे विदर्भाच्या बाजूने पाहिले तर घरचेच नाटक. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबाची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे अकोल्याकडचे, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले, आणि पोटासाठी संरक्षण खात्याच्या हिशेब कचेरीत वर्षानुवर्षे खर्डेघाशी केलेले. निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. कथा गायकीच्या चोरीची: पंडितजींचा शिष्य खाँसाहेबांच्या घरात चाकर म्हणून शिरतो आणि लपून त्यांचे गाणे ऐकतो. गाइसबर्गच्या काळी उस्तादांना जी भीती होती, तीच इथे नाटकाचा विषय झाली. आणि गंमत अशी, की एचएमव्हीच्या तबकड्यांवरून 'कट्यार'ची पदे शिकलेल्या हजारो हौशी गायकांनी त्या शिष्याचेच काम केले. त्यांना चाकरी करावी लागली नाही, एवढाच फरक. १९८३मध्ये वसंतराव गेले तरी खाँसाहेब मिळत राहिले ते या तबकड्यांच्या बळावर.

तरीही ब्रॉडवेसारखी, मूळ संचाने आणि नाटकाच्या क्रमाने संपूर्ण गोष्ट सांगणारी तबकडी काढायची परंपरा आपल्याकडे मूळ धरू शकली नाही. एलपीवर भर राहिला तो निवडक नाट्यगीतांचा: एका बाजूला एक गायक, दुसऱ्या बाजूला दुसरा, नाटके चार वेगवेगळी. दोष फक्त कंपनीचा नाही. तीन मिनिटांच्या सवयीने गिऱ्हाइकाचाही कान तसाच झाला होता. नाटक विकत घ्यायचे असते, हे त्याला कधी वाटलेच नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, नव्वदच्या दशकात एचएमव्हीने तबकड्या काढणे थांबवले, आणि घरोघरचे गठ्ठे माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे गेले. मुंबईत १९९०मध्ये संग्राहकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी लेबले, क्रमांक, जाहिराती जुळवून हा इतिहास लावला नसता, तर वरच्या अर्ध्या गोष्टी आज लिहिता आल्या नसत्या.

आता झाडीत परत येऊ. पुण्या-मुंबईत नाटक कमी होऊन तबकडी उरली. इथे उलटे झाले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये आधीपासून होती. त्यांच्या अंगणात तीन अंकी नाटक आले आणि रुजले. धानाची कापणी झाली, भाऊबीज झाली, की गावोगाव मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो आणि रात्री नाटक असते. गावातले मंडळ कंपनी ठरवते, तिकिटे विकते, पाहुण्यारावळ्यांना बोलावते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पडदा रात्री दहाच्या पुढे वर जातो आणि खाली येतो तेव्हा तांबडे फुटायला आलेले असते. बालगंधर्वांच्या काळातला प्रेक्षक आज कुठे बसला असता असे कोणी विचारले, तर मी त्याला देसाईगंज-वडशाकडे पाठवीन. गोंदिया-चांदा रेल्वेवरच्या या गावात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या एकीशेजारी एक आहेत आणि हंगामात कोट्यवधींची उलाढाल होते. पेटी, तबला, ढोलकी आणि आता ऑक्टोपॅड यांच्या साथीने नट स्वतः गातात. तालमी थोड्या, म्हणून प्रॉम्प्टर महत्त्वाचा. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारखे लेखक इथल्याच प्रश्नांवर लिहितात. २०२३मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या खात्यावर सुमारे पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका असल्याचे सांगण्यात आले. 

या रंगभूमीची एचएमव्हीची तबकडी नाही. कंपन्यांनी नाट्यसंगीत शोधले ते शहरांत. झाडीबोलीचा उच्चार, ढोलकीचा कडकडाट आणि प्रेक्षकांतून येणारी आरोळी घेऊन कोणी मायक्रोफोन वडशाला उतरवला नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीत बसून दंडार आणि झाडीबोली यांचा अभ्यास केला, २०२२मध्ये या रंगभूमीवर 'झॉलीवूड' नावाचा चित्रपटही आला. अलीकडे मोबाइलवर तुकडे फिरतात. पण ते तुकडेच: एक लावणी, एक विनोद, एक रडका प्रवेश. तबकडीने 'एकच प्याला'चे जे केले तेच मोबाइल झाडीच्या नाटकाचे करतो आहे.

नुकसान होण्याआधीच ते टाळता येईल. एखाद्या विद्यापीठाने, आकाशवाणी केंद्राने किंवा वडशाच्याच एखाद्या कंपनीने एका हंगामातली पाच-दहा नाटके पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, प्रेक्षकांच्या गोंगाटासकट, न तोडता मुद्रित करून ठेवावीत. 'सौभद्र'च्या वेळी यंत्र नव्हते, 'संयुक्त मानापमान'च्या वेळी यंत्र होते पण तीन मिनिटांचे. आज दोन्ही सबबी उरलेल्या नाहीत. आणि वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर एक सूचना: ७८ फेऱ्यांची जड, ठिसूळ रेकॉर्ड असेल तर ती स्पिरिटने कधीही पुसू नका. ती लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.